डाव्या सांध्याचं गणित

टिपणीस डॉक्टर माणसाशी समोरासमोर उभं राहून कधी बोलत नसत. तुम्ही त्यांच्यापुढे उभे राहिलात, की ते बोलता बोलता हळूच सरकत तुमच्या उजव्या खांद्यापाशी येत आणि तिथून तुमच्या कानाशी गप्पा मारत. नवख्याला वाटे, गृहस्थांना कमी ऐकू येतं. मलाही तसंच वाटलं होतं आणि मी चांगला महिनाभर त्यांच्याशी ओरडून बोलत होतो. शेवटी त्यांनीच विचारलं, "इंजिनियर, तुमच्या कंपनीत फार आवाज असतो का हो?"

खरी गोष्ट अशी, की ते तुमचा जबडा बघत असत. वेडेवाकडे दात आणि मागे राहिलेले जबडे वळणावर आणणं हा त्यांचा धंदा. त्या धंद्यात चेहरा बाजूनं बघतात, आणि बाजूनं म्हणजे उजव्या बाजूनं. फोटोसुद्धा तसेच काढायची पद्धत आहे. वीस वर्षं तसं बघून बघून डॉक्टरांच्या लेखी माणसाला डावी बाजू उरलीच नव्हती.

नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, जबडे राहत. "अहो, तो कंडक्टर नाही का, खालचा जबडा चार मिलिमीटर मागे असलेला," असं ते सांगत, आणि आपण कुठला कंडक्टर ते ओळखायला हवं अशी त्यांची अपेक्षा असे. माझं लग्न ठरलं तेव्हा मी हौसेनं मुलीचा फोटो दाखवला. डॉक्टरांनी तो इकडून तिकडून बघितला आणि हिरमुसून परत दिला. "समोरून काढलाय. यात काय कळणार?"

दवाखाना त्यांचा पेणला. मंगळवारी आणि शनिवारी ते एस.टी.नं रोह्याला येत आणि एका मेडिकलच्या दुकानामागच्या खोलीत बसत. चौऱ्याण्णव-पंच्याण्णवचा काळ. दात सरळ करायचे असतात हेच आमच्याकडे लोकांना ठाऊक नव्हतं. दात दुखला की उपटायचा, एवढाच व्यवहार. त्यामुळे पोटासाठी डॉक्टर दात उपटत, आणि उपटलेल्या प्रत्येक दाताबरोबर थोडे उदास होत. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी एक लहानशी पक्कड आणि तारेचं वेटोळं असे. बोलताना हात रिकामे राहिले की ते तार वळवत बसत. रोहा गाडीतल्या निम्म्याअधिक पोरांकडे त्यांनी वळून दिलेली तारेची बदकं होती.

त्यांचं एक पालुपद होतं. तार घट्ट करा, लवकर होऊ दे, पोरीचं लग्न आहे, असं कुणी म्हटलं की ते मान हलवून म्हणत, "हाडाला घाई कळत नाही." मी हे वाक्य त्यांच्या तोंडून किमान शंभरदा ऐकलं असेल. त्यांनी आयुष्यात एकदाच घाई केली, आणि त्या घाईत मी त्यांना साथ दिली.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती माझ्या दाढेमुळे. मी धाटावला एका केमिकल कंपनीत टाक्यांचं डिझाईन बघत होतो. दाढ पोखरता पोखरता डॉक्टरांनी मी काय करतो ते विचारलं, आणि मग तोंडात कापूस कोंबलेला असतानाच मला माझ्याच धंद्याचा खुलासा द्यायला लावला. मी खुणांनी आणि हुंकारांनी जेवढं जमलं तेवढं सांगितलं. टाकीचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घालायचं, तिचे आलेखाच्या कागदावर असतात तसे बारीक चौकोनी तुकडे पाडायचे, आत दाब दिला की कुठल्या तुकड्यावर किती ताण येतो ते मशीन मोजतं. म्हणजे टाकी प्रत्यक्ष भरण्याआधीच कुठे फुटेल ते कळतं.

डॉक्टरांचं मशीन थांबलं. "मग जबड्याचं करता येईल?"

तोंडात कापूस असताना माणसाला नाही म्हणता येत नाही. मी "आं" म्हणालो. तो त्यांनी होकार धरला.

पुढच्या रविवारी त्यांनी मला पेणच्या दवाखान्यात मुद्दाम बोलावून एक मुलगी दाखवली. सुरेखा तिचं नाव. बारा वर्षांची, पेणच्या खाली खाडीकडच्या गावातली. आईबाप मिठागरावर कामाला. चार वर्षांची असताना ती मिठागराच्या बांधावरून दगडावर हनुवटीवर आपटली होती. हनुवटीची जखम भरली, पण कानापुढचा डावा सांधा आतल्या आत मोडला होता, ते कुणाला कळलं नाही. तेव्हापासून तिचा खालचा जबडा वाढायचाच राहिला. ओठाखाली चेहरा जणू संपत होता. गावातली पोरं तिला चिमनी म्हणत. तोंड दोन बोटं जेमतेम उघडे, आणि ती भाताची शितं अंगठ्यानं आत सारत असे. पेरू तिनं दातांनी कधी तोडला नव्हता.

डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं ते असं. वाढत्या वयात खालचा जबडा सतत पुढे धरून ठेवला, तर सांध्यापाशी नवं हाड धरतं आणि जबडा वाढतो. त्यासाठी वरच्या आणि खालच्या दातांना दोन्ही बाजूंनी एकेक लहान दांडी बसवायची. तोंड मिटलं की त्या दांड्या जबड्याला पुढे सारतात. पण हिचा डावा सांधा अधू. सगळा भार त्याच्यावर आला तर तो आखडेल आणि तोंड कायमचं बंद होईल. हळूहळू, दर दोन महिन्यांनी दोन-दोन मिलिमीटर पुढे न्यावं तर तेवढा वेळ नाही. मनगटाच्या एक्स-रेवरून पोरीची वाढ किती शिल्लक आहे ते कळतं, आणि ती वर्षभराचीच शिल्लक होती.

"एकदम सहा मिलिमीटर पुढे नेलं तर हे वर्ष वाचतं," ते माझ्या उजव्या कानाशी म्हणाले. "पण डाव्या सांध्यावर किती भार येईल ते कळल्याशिवाय मी हात लावणार नाही."

सुरेखाची आई हिराबाय दारात उभी होती. तिला यातलं काही कळलं नसावं. ती एवढंच म्हणाली, "डॉक्टर, पोर आता मोठी व्हाया लागली. काय करशील ता बेगीन कर."

मुंबईहून सुरेखाच्या जबड्याच्या सीटी स्कॅनच्या फिल्मा आल्या. एकेका फिल्मवर पोस्टाच्या तिकिटाएवढी वीस-वीस चित्रं. डॉक्टरांनी खिडकीच्या काचेला फिल्म लावून, वर बटर पेपर धरून प्रत्येक चित्राची कड उतरवली, आणि मग बोर्ड रंगवणारे पेंटर करतात तसे चौकोन पाडून ती खऱ्या जबड्याच्या पाचपट मोठी केली. पण एका चित्रापासून पुढच्या चित्रापर्यंत अर्धा सेंटिमीटर हाड कोरंच राहत होतं. ते कोण भरणार? आज हे काम स्कॅनर आणि प्रोग्राम करतात म्हणे. तेव्हा आमच्याकडे ते पेणच्या नारायणभाऊंनी केलं.

नारायणभाऊ गणपतीच्या मूर्ती घडवायचे. डॉक्टरांच्या दवाखान्यामागेच त्यांचा कारखाना. जबड्यांचे साचे काढायला लागणारं प्लॅस्टर डॉक्टर त्यांच्याकडूनच उसनं आणत, त्यामुळे जाणं-येणं होतं. पुठ्ठ्याचे काप कापून, एकावर एक अंतरानं रचून, मधल्या जागा शाडूनं भरून नारायणभाऊंनी हातभर रुंदीचा जबडा उभा केला. तो बघायला मी गेलो होतो. रंग न दिलेल्या गणपतींच्या रांगेत, फळीवर, तो जबडा ठेवलेला होता. एवढा सुबक की माझे हात जोडले गेले. डॉक्टर नेहमीसारखे सरकत सरकत त्याच्या उजव्या बाजूला गेले, एक डोळा मिटून हनुवटीची रेघ बघितली आणि म्हणाले, "हीच. हीच सुरेखा."

मग पाच-सहा रविवार आम्ही तो जबडा मोजला. शाडूत टाचण्या टोचायच्या, प्रत्येकीला नंबर द्यायचा, आणि गुण्या-पट्टीनं तिची लांबी, रुंदी, उंची टिपायची. उजवी बाजू डॉक्टर मोजत, डावी माझ्याकडे. मला काय, गोळा दिसला, गोळा मोजला.

आकडे कंपनीच्या कॉम्प्युटरवर चढवायला मॅनेजरसाहेबांनी रविवारची परवानगी दिली. डॉक्टर सकाळच्या गाडीनं पेणहून येत. कॉम्प्युटर हिशेबाला बसला की चार-पाच तास हलत नसे. तेवढा वेळ डॉक्टर पडद्याच्या उजव्या बाजूला खुर्ची टाकून बसत. दोनदा लाईट गेली आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. तिसऱ्यांदा मशीननं मधेच मान टाकली, तेव्हा ते त्याला पेशंटला सांगावं तसं म्हणाले, "घाबरू नका. आ करा." मी हसलो. ते हसले नाहीत. मनगटाच्या नव्या एक्स-रेत पोरीची शिल्लक वाढ आणखी थोडी आटलेली दिसत होती.

एका रविवारी दुपारी उत्तर आलं. पडद्यावर जबड्याचं जाळं रंगीत झालं. डावीकडे जेवढा लाल ठिपका, उजवीकडे तेवढाच. भार दोन्ही सांध्यांवर सारखा, आणि सोसण्यासारखा. मी आकडे छापून काढले. डाव्या-उजव्या रकान्यात फरक नव्हताच म्हणा ना. दोन्ही बाजू सारख्या आल्या की आम्हा इंजिनियर लोकांना फार बरं वाटतं. गणित चुकलं नाही याची ती खूण असते.

डॉक्टरांनी कागद हातात घेऊन दोन्ही रकान्यांवरून बोट फिरवलं. मग त्यांनी मला विचारलं, "इंजिनियर, ही टाकी असती तर तुम्ही भरली असती?"

"भरली असती," मी म्हणालो.

हे मी म्हणालो होतो. लपवण्यात अर्थ नाही.

त्या दिवशी त्यांनी मला कोलाडला नाक्यावरच्या खानावळीत नेऊन सुरमईचं जेवण घातलं. आनंदानं त्यांना धड जेवता येत नव्हतं. गल्ल्यावरच्या माणसाला ते सांगत होते, की हा जबडा पुढे येणार, कॉम्प्युटरनं सांगितलंय. त्या माणसानं बिचाऱ्यानं स्वतःच्याच हनुवटीवर हात फिरवून बघितला.

दांड्या बसवल्या त्या दिवशी डॉक्टरांनी दोन आरसे आणून असे कोनात धरले, की सुरेखाला स्वतःचा चेहरा बाजूनं दिसावा. तिनं तो तसा कधीच बघितला नव्हता. तोंड मिटलं आणि ओठाखाली एक लहानशी हनुवटी आली. ती आरशाकडे बघतच राहिली. मग तिनं तोंड उघडलं, हनुवटी गेली. पुन्हा मिटलं, आली. असं तिनं दहा-बारा वेळा केलं असेल. हिराबाय पदर तोंडाला लावून रडायला लागली, आणि बाहेर बसलेला कंपाउंडर काय झालं म्हणून आत येऊन डोकावून गेला.

घात त्या आरशानंच केला असं मला आता वाटतं. पोरीनं एकदा हनुवटी बघितली, मग ती सोडायला ती तयार नव्हती. पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी विचारलं, दुखतंय का? "नाय." महिन्यानं विचारलं. "नाय दुखत." घरी ती कानाशी गरम मिठाची पुरचुंडी धरून बसते, हे आईनं सांगितलं नाही, कारण पोरीनं तिला शपथ घातली होती. डॉक्टर दर खेपेला तिच्या तोंडात बोटं घालून तोंड किती उघडतं ते मोजत. दोन बोटांची दीड झाली. मग दीडाचंही एकच जेमतेम. डॉक्टरांनी खणातून आमचा तो छापील कागद काढला, बघितला, पुन्हा ठेवला. सांधा नव्या जागी बसतोय, थोडा आखडणारच, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पुढे कितीतरी दिवस ते मला हेच एक सांगत राहिले. "माझ्या बोटांनी मला सांगितलं होतं, इंजिनियर. मी बोटांचं ऐकलं नाही, कागदाचं ऐकलं."

एके सकाळी हिराबाय पोरीला मिठाच्या टेम्पोत घालून पेणच्या दवाखान्यात घेऊन आली. तोंड मिटलेलं होतं ते उघडतच नव्हतं. दातांच्या फटीतून पेजेचं पाणी तेवढं जात होतं. डॉक्टरांनी बाजूनं पक्कड घालून दांड्या कापून काढल्या. दांड्या निघाल्या, तोंड उघडलं नाही. दुपारी ते स्वतः तिला घेऊन मुंबईच्या हॉस्पिटलात गेले.

दोन दिवसांनी ते धाटावला आमच्या गेटवर उभे होते. दाढी वाढलेली, अंगात तोच शर्ट. "गणित पुन्हा काढा," एवढंच म्हणाले. मी छापील कागदांचा गठ्ठा काढला आणि त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितला. डाव्या सांध्यावरच्या टाचण्यांची मापं आणि उजव्या सांध्यावरच्यांची. मधल्या रेघेपासून उजवीकडे अधिक, डावीकडे उणे, बाकी तेच. सगळ्या टाचण्यांचं तेच. यंत्रावर कातलेल्या लोखंडाचं असं होतं. माणसाच्या हाडाचं होत नाही, आणि एकदा मोडून बसलेल्या हाडाचं तर नाहीच. फिल्म खिडकीला लावली. डावा सांधा चेपलेला, आत वळलेला, स्पष्ट दिसत होता. आम्ही मोजलेल्या जबड्यात तो गोल होता. डॉक्टर फिल्मकडे बघत होते आणि मला त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

आम्ही पेणला नारायणभाऊंच्या कारखान्यात गेलो. ते एका मूर्तीच्या सोंडेवरून ओला हात फिरवत होते. डॉक्टरांनी विचारलं, जबडा करताना डावीकडे काही वेगळं दिसलं होतं का.

"व्हय तर," नारायणभाऊ म्हणाले. "तुमची रेघ डावीकडं पार हाललेली व्हती, डॉक्टर. घाईत काढली असंल. मी उजवीकडचं बघून तसंच डावीकडं घेतलं. दोन दिवस लागले त्याला. आपल्या हातनं वाकडं काम बाहेर जात नाय." मग हात पुसत, कौतुकानं त्यांनी विचारलं, "आला ना कामाला?"

त्यांचं काय चुकलं? एक कान दुसऱ्यापेक्षा सुताएवढा खाली गेला तर मूर्ती मोडून पुन्हा मातीत घालणारा हा माणूस. दोन बाजू सारख्या करणं हीच त्यानं जन्मभर केलेली पूजा. हे मला आज कळतं. त्या क्षणी मात्र मला त्यांच्यावर ओरडायचं होतं, पोरीचं काय झालं ते तोंडावर सांगायचं होतं. मी तोंड उघडलंसुद्धा.

डॉक्टरांनी माझा दंड धरला. ते नारायणभाऊंच्या बाजूला सरकले नाहीत. सरळ समोर उभे राहिले, डोळ्यांत बघत. त्यांना कुणासमोर तसं उभं राहिलेलं मी तोवर बघितलं नव्हतं. "आला," ते म्हणाले. "फार सुबक झाला होता, नारायणभाऊ."

बाहेर येऊन ते दवाखान्याच्या पायरीवर बसले आणि दोन्ही हातांनी डोकं धरून हुंदके देऊन रडले. रस्त्यानं बाजारची माणसं जात होती, त्यांना त्याचं भान नव्हतं. मी म्हणालो, डावी बाजू मी मोजली होती. ते म्हणाले, "मोजायची तुमची होती. बघायची माझी." आणि थोड्या वेळानं, "त्याला सांगायचं नाही. कळलं तर त्याचे हात थांबतील." मी आजवर सांगितलं नाही. नारायणभाऊ आता हयात नाहीत, म्हणून लिहितोय.

मुंबईला ऑपरेशन झालं. सांध्याचं जुळलेलं हाड कापून तोंड मोकळं केलं. पण तिथल्या सर्जननं बजावलं, की वर्षभर रोज तीन वेळा तोंड ताणून उघडायचं, दातांत लाकडी पट्ट्या सारून, दर आठवड्याला एकेक वाढवत. चुकवलं तर पुन्हा बंद. वाढीचं म्हणाल तर ते वर्ष निघून गेलं होतं. हनुवटी आता येणार नव्हती.

डॉक्टर हिराबायच्या घरी तिच्यापुढे गेले तेव्हा मी बरोबर होतो. त्यांनी काही राखून न ठेवता सांगितलं. सांधा आपण नीट बघितला नाही, चूक आपली आहे, तिला हवं तर पोलिसात जावं, आपण नाही म्हणणार नाही. ती भिंतीला टेकून ऐकत होती. पोर आतल्या अंगाला, आमच्याकडे पाठ करून निजली होती.

"चूक कुनाची ता मना नको सांगू," हिराबाय म्हणाली. "माजे पोरीचा तोंड उघर."

हिराबाय पुढे बोलली, की तिच्याच्यानं पट्ट्या सारवत नाहीत. पोर ओरडते, हिचा हात सुटतो. बाप तर घरातून निघूनच जातो. "तू ये," ती म्हणाली. "सांधा तू मोरलास, तू कर."

त्यानंतर डॉक्टरांनी रोह्याला येणं बंद केलं. मेडिकलमागच्या खोलीत दुसरे कुणी आले, ते दात उपटत आणि उदास होत नसत. माझं लग्न झालं, पाळ्या बदलल्या, आणि खरं सांगायचं तर मी डॉक्टरांना टाळत होतो. त्यांना बघितलं की मला तो छापील कागद आठवायचा. सात-आठ महिने असेच गेले. मग एकदा कामानं पेणला गेलो आणि राहवलं नाही म्हणून दवाखान्यात डोकावलो. खुर्च्या रिकाम्या होत्या. कंपाउंडर म्हणाला, डॉक्टर सकाळी त्या पोरीच्या गावात जातात ते अकराला येतात, दुपारी पुन्हा जातात, संध्याकाळी पुन्हा. पेशंट कंटाळून दुसरीकडे गेले. रविवारीसुद्धा जातात, म्हणाला.

मी टमटम करून खाडीकडे गेलो. गावाबाहेर उतरून बांधावरून चालत निघालो. सकाळचे नऊ वाजले असतील, मिठागरावर माणसं फळ्यांनी मीठ ओढत होती. हिराबायचं घर मला लांबूनच दिसलं, आणि ओट्यावर बसलेली ती दोघंही.

सुरेखा भिंतीला टेकून बसली होती. तिच्या पुढ्यात, गुडघ्याला गुडघा लावून, टिपणीस डॉक्टर. तिच्या दातांत पट्ट्यांची चवड होती आणि डॉक्टर अंगठ्यानं आणखी एक पट्टी मधे सारत होते. पोरीच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. आवाज मात्र ती करत नव्हती, दोन्ही मुठींत तिनं त्यांच्या शर्टाच्या बाह्या पिळून धरल्या होत्या. आणि डॉक्टरांचं स्वतःचं तोंड उघडं होतं. तान्ह्या पोराला भरवताना आई नकळत स्वतःचा आ वासते ना, तसं. पट्टी जेवढी आत जाई तेवढं त्यांचं तोंड आणखी उघडे. सगळं गाव रस्त्यानं जात-येत होतं आणि हा पन्नाशीचा माणूस आ करून बसला होता. किती महिने तो असा बसत होता कोण जाणे.

मी बांधावरच थांबलो.

थोड्या वेळानं डॉक्टरांनी घड्याळ बघितलं आणि एकेक करून पट्ट्या काढून घेतल्या. सुरेखानं तोंड मिटलं, ओढणीनं गाल पुसले. डॉक्टर तसेच बसून होते. त्यांचं लक्ष तिच्या तोंडाकडेच लागलेलं, आणि स्वतःचं तोंड मिटायचं राहून गेलेलं. तिनं क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. मग हात लांबवला, आणि दोन बोटांनी त्यांची हनुवटी वर ढकलून त्यांचं तोंड बंद केलं.